वाचकांचे प्रश्न : आवाज, घड्याळ आणि पंचावन्न डेसिबल

लग्नसराई ओसरली की आवाजाबद्दलची पत्रं कमी होतील असं वाटतं, तोवर ढोलपथकांचा सराव सुरू होतो. या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक उत्तरांचा आधार ‘ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000’ हा आहे. पुढे त्याला नुसतं ‘नियम’ म्हटलं आहे.

आमच्या इमारतीमागे मंगल कार्यालयाचं लॉन आहे. हंगामात रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालतो. पोलिसांना फोन केला तर ‘आवाज मोजायचं मशीन नाही, मोजल्याशिवाय कारवाई कशी करणार’ असं सांगतात. मशीन आम्हीच विकत घ्यावं का? — वाचक, ठाणे

घेऊ नका. तुमच्या तक्रारीला मशीन लागतच नाही.

नियम 7 मध्ये तक्रारीला दोन दारं आहेत. पहिलं आकड्याचं : त्या भागाच्या मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर. दुसरं घड्याळाचं : रात्रीच्या वेळेसाठी घातलेलं कोणतंही बंधन मोडलं असेल तर. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. या वेळेत लाउडस्पीकर, वाद्य किंवा अॅम्प्लिफायर फक्त बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरता चालतो. नियमात उदाहरणं दिली आहेत ती सभागृह, परिषदेची खोली, मेजवानीचा हॉल यांची. लॉन म्हणजे उघडं आकाश. वर शामियाना ताणला किंवा पत्रा टाकला म्हणून ती जागा बंदिस्त होत नाही. तेव्हा 10 वाजून 5 मिनिटांनी डीजे सुरू आहे, एवढंच सिद्ध करायचं आहे. तो 60 डेसिबल होता की 90, हा प्रश्न तिथे येत नाही.

सिद्ध कसं करायचं? आवाज चालू असतानाच 112 ला फोन करा. बरेच जण वाट पाहतात, ‘आता बंद होईल’ म्हणतात आणि पावणेबाराला फोन करतात. बीट मार्शल पोहोचेपर्यंत वाजंत्री वायर गुंडाळत असतात आणि नोंद होते ‘घटनास्थळी आवाज आढळला नाही’. फोन 10.10 ला गेला पाहिजे. फोनची वेळ आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग मिनिटभराच्या दोन क्लिप काढा : सुरुवात घड्याळावर, तिथून न थांबता कॅमेरा खिडकीबाहेर, शक्य असेल तर कार्यालयाच्या पाटीपर्यंत. एक दहानंतर लगेच, दुसरी अर्ध्या तासाने. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून गेलेली प्रत दाबली जाते आणि फाइलमधली वेळेची मूळ नोंद निघून जाते.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या, प्रत सहायक पोलीस आयुक्तांना. शहराबाहेर असाल तर पोलीस उपअधीक्षकांना. नियमांत ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाहून कमी दर्जा नसलेला अधिकारी, म्हणून ही प्रत महत्त्वाची. अर्जातला गाभा एवढाच असावा :

‘दि. … रोजी रात्री 10.05 ते 11.35 या वेळेत … येथील लॉनवर, उघड्या जागेत, ध्वनिवर्धकावर संगीत सुरू होतं. हा नियम 5(2) चा भंग आहे. 10.10 वाजता 112 वर तक्रार केली, क्रमांक … . नियम 7 अन्वये कारवाई व्हावी आणि या कार्यक्रमास ध्वनिवर्धकाची लेखी परवानगी होती का, असल्यास तिची प्रत मिळावी.’

‘असह्य त्रास’, ‘कानठळ्या’, ‘म्हातारी माणसं’ हे सगळं खरं असलं तरी अर्जात नको. त्यावर वाद घालता येतो. 10.05 वर घालता येत नाही. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

असे तीन-चार अर्ज साचले की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव हटवण्याचा आदेश मागता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 133 होतं. एखाद्या रात्रीच्या वरातीसाठी हा रस्ता नको. हंगामभर चालणाऱ्या लॉनसाठी तोच योग्य.

निवासी भागात 55 डेसिबल मर्यादा आहे ना? माझ्या मोबाइलवरच्या अॅपमध्ये भर दुपारी खिडकीत 68 दिसतात. मग रोजच गुन्हा होतोय का? — वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

आधी पूर्ण कोष्टक. औद्योगिक भागात दिवसा 75, रात्री 70. व्यापारी भागात 65 आणि 55. निवासी भागात 55 आणि 45. शांतता क्षेत्रात 50 आणि 40. एकक डेसिबल ‘ए’, आणि मोजायचं ते ‘एलईक्यू’.

सगळा घोळ या शेवटच्या शब्दात आहे. एलईक्यू म्हणजे ठरावीक काळातल्या एकूण ध्वनिऊर्जेची सरासरी. अॅपमध्ये सुई क्षणभर 68 वर गेली याला अर्थ नाही. उलट बाजूही आहे : थोडा वेळ झालेला मोठा आवाज ही सरासरी फार वर ओढतो. रात्रीचे आठ तास सगळं 40 वर शांत आहे आणि त्यात फक्त पाच मिनिटं 85 डेसिबलचा आवाज झाला, तरी रात्रभराची सरासरी 65 च्या आसपास येते. डेसिबल लॉगरिदमच्या मापात मोजतात, साधी बेरीज-भागाकार तिथे चालत नाही. 3 डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दसपट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.

अॅपबद्दल. मोबाइलचा माइक बोलणं टिपण्यासाठी असतो. खालचे सूर तो कापतो आणि मोठा आवाज आला की स्वतःहून पातळी दाबतो. त्याच टेबलावर दोन फोन ठेवले तर दोन आकडे येतात. खरं यंत्र वापरण्याआधी कॅलिब्रेटर लावून तपासतात : 1000 हर्ट्झचा, 94 डेसिबलचा ठरलेला सूर देतात आणि यंत्र 94 दाखवतं का ते पाहतात. फोनला ही सोय नाही. अंदाजासाठी अॅप ठेवा, अर्जात त्याचा आकडा एकमेव पुरावा म्हणून लिहू नका.

मोजताना आणखी तीन चुका नेहमी होतात. यंत्र भिंतीजवळ धरलं की परतलेल्या आवाजामुळे आकडा दोन-तीन डेसिबलने फुगतो. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून मोकळं धरावं. वारा असेल आणि माइकवर स्पंजची टोपी नसेल तर वाराच मोजला जातो. तिसरी चूक सगळ्यांत मोठी : तक्रारीचा आवाज बंद असतानाची मोजणी घेतलीच जात नाही. रस्त्याची मुळातली पातळी 50 असेल आणि जनरेटर सुरू झाल्यावर 58 दिसत असतील, तर जनरेटरचा स्वतःचा वाटा सुमारे 57. पण मुळातच 56 असतील आणि एकूण 58, तर त्यातलं त्याचं किती हे खात्रीने सांगता येत नाही. समोरच्याचा वकील हेच धरून बसतो.

आता तुमचे 68. मुख्य रस्त्यालगत ते वाहतुकीचे असणार. तिथे बोट ठेवायला एक माणूस सापडत नाही. ठरावीक मालकाच्या आवाजासाठी वेगळी मोजपट्टी आहे. सार्वजनिक जागेत स्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यांतलं जे कमी असेल ते. खासगी जागेतली ध्वनियंत्रणा असेल तर हद्दीवर मर्यादेपेक्षा 5 जास्त. म्हणजे निवासी भागात शेजाऱ्याच्या होम थिएटरला दिवसा 60, रात्री 50.

मिरवणुकीत पोलिसांच्या मीटरवर आकडा फारसा येत नाही, पण आमच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं. मीटर खोटं का? — वाचक, कोल्हापूर

मीटर खोटं नाही, त्यावरचं ‘ए’ हे अक्षर जबाबदार आहे. माणसाचा कान बारीक आवाजात खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून ‘ए’ भारांकन ते सूर वजा करून मोजतं. 125 हर्ट्झला सुमारे 16 डेसिबल कमी, 63 हर्ट्झला 26, आणि 31.5 हर्ट्झला 39. डीजेच्या बेस बिनची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या खोक्याची, सगळी ताकद नेमकी 40 ते 100 हर्ट्झमध्ये असते. प्रत्यक्षात 100 डेसिबलचा 63 हर्ट्झचा ठोका ‘ए’ मध्ये 74 दिसतो. तोच मीटर ‘सी’ वर, म्हणजे खालचे सूर जवळजवळ न कापणाऱ्या भारांकनावर टाकला तर 99 दाखवेल. कायद्याची मर्यादा ‘ए’ मध्ये असल्यामुळे कारवाई त्याच आकड्यावर होते. तरी पंचनाम्यात ‘सी’ चा आकडाही लिहून घ्यायला सांगा, बहुतेक यंत्रांवर त्याचं बटण असतं. दोन्हींत 15-20 डेसिबलचं अंतर दिसलं की त्रास बेसचा आहे हे कागदावर येतं. नियम बनवताना बेस बिनचा विचार झालेला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आम्ही मंडळाचे कार्यकर्ते. परवानगी काढतो, तरी दरवर्षी नोटीस येते. स्पीकर लावताना नेमकं काय सांभाळायचं? — एक गणेशोत्सव मंडळ, सातारा

असा प्रश्न क्वचितच येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमचा आकडा मांडवाच्या हद्दीवर 65. निवासी भागाचे 55 अधिक 10. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 10 ते 12 ची सूट देऊ शकतं. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे असतात. शेजारच्या जिल्ह्याची यादी पाहून चालू नका. सूट वेळेची आहे, आवाजाची नव्हे. 10 नंतर रात्रीची मर्यादा लागते : 45 अधिक 10, म्हणजे 55. बहुतेक नोटिसा इथेच येतात. मंडळ दहाच्या ठोक्याला आवाज कमी करत नाही, कारण ‘बारापर्यंत परवानगी आहे’. शांतता क्षेत्रात ही सूटही धरू नका.

आता स्पीकरचं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबल उतरतो. स्पीकरसमोर 1 मीटरवर 95 असतील तर 2 मीटरवर 89, 4 वर 83, 8 वर 77, 16 वर 71, आणि 65 यायला 32 मीटर लागतात. तुमची हद्द स्पीकरपासून 8 मीटरवर असेल, तर स्पीकरसमोर 1 मीटरवर 83 पेक्षा जास्त ठेवता येणार नाही. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत आवाज इतका उतरत नाही, तेव्हा 80 धरा.

यातून निघणारी व्यवस्था अशी. दोन मोठ्या खोक्यांचा मनोरा लावण्याऐवजी सहा-आठ छोटे स्पीकर मांडवाच्या आत, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, खाली तिरके करून लावा. ऐकणारा दोन-तीन मीटरवर असला की कमी आवाज पुरतो. विजेच्या खांबावर किंवा पहिल्या मजल्याच्या उंचीवर बांधलेला कर्णा थेट समोरच्याच्या बेडरूममध्ये बोलतो. बेस बिन जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की कोपराच त्याचा आवाज वाढवतो. तो तिथून काढा, खरं तर आणूच नका. अॅम्प्लिफायरच्या आधी लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणारं उपकरण) बसवा, पहिल्या दिवशी हद्दीवर मीटर धरून पातळी ठरवा आणि त्यावर कुलूप किंवा सील लावा. नाहीतर आरतीच्या वेळी कुणीतरी हौशी पोरगा बटण फिरवतोच. ठरवलेली पातळी, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव वहीत लिहा. नोटीस आली तर उत्तर देताना ही वही कामाला येते.

सोसायटीचा पाण्याचा पंप पहाटे साडेचारला सुरू होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या भिंतीतून घरघर येते. गंमत म्हणजे खाली पंपाजवळ तो इतका मोठा वाटत नाही. पोलिसांत जावं का? — वाचक, नागपूर

पोलिसांत जाऊन पंपाची घरघर थांबत नाही. पाना-पक्कडीने थांबते. हा हवेतून येणारा आवाज नाही. पंपाचं कंपन पाया, पाइप आणि क्लँपमधून इमारतीच्या सांगाड्यात शिरतं आणि तुमची भिंत स्पीकरच्या पडद्यासारखी हलते.

आधी शोधा. पंप चालू असताना पाइपवर हात ठेवत पंपापासून वर जा. भिंतीवरच्या एकेका क्लँपचा बोल्ट थोडा ढिला करून पाहा. ज्या क्लँपला घरघर एकदम उतरते, तिथे रबरी अस्तर नाही. मग क्रमाने : पंपाच्या चौकटीखाली रबर किंवा निओप्रीनचे माउंट, सक्शन आणि डिलिव्हरी (पाणी ओढणारा आणि वर ढकलणारा पाइप) दोन्हीकडे रबरी बेलो, म्हणजे लवचीक जोड, सगळ्या क्लँपना रबरी पट्टी, पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंटने पक्का चिणलेला असेल तर भोक मोठं करून मधली फट मऊ पदार्थाने भरणं. यातलं एकच केलं तर फरक जाणवत नाही. माउंट टाकले पण बेलो नाहीत, तर कंपन पाइपचा रस्ता धरतं. प्लंबर नेमकं हेच करतो आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतो. पंप बंद होताना ‘धाड्’ असा आवाज येत असेल तर तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. तिथे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह लागतो.

आणि हे सगळं होईपर्यंत टायमर. वरची टाकी रात्री साडेनऊला भरून घ्या आणि पहाटेची वेळ सहानंतर ठेवा. फ्लोट स्विचवर पंप आपोआप सुरू होत असेल तर टायमर त्याच्या आधी जोडा, नाहीतर टाकी उतरली की तो साडेचारलाच चालू होणार.

सोसायटीत डिझेल जनरेटर असेल तर 1000 केव्हीएपर्यंतच्या संचाला ध्वनिरोधक आवरण सक्तीचं आहे, आणि आवरणापासून 1 मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. संच गरम होतो म्हणून वॉचमन आवरणाची दारं उघडी ठेवतो. दार उघडं म्हणजे आवरण नाहीच.

वरच्या फ्लॅटमध्ये महिनाभर ड्रिलिंग चाललं आहे. दिवसा काहीच करता येत नाही का? — वाचक, डोंबिवली

नियमांत बांधकामाच्या यंत्रांना निवासी भागात बंदी आहे ती रात्रीची, 10 ते 6. दिवसाचं काम सोसायटीच्या हातात असतं. दुरुस्तीची परवानगी देतानाच वेळ, दुपारची विश्रांती, रविवारची सुट्टी आणि फोडाफोडीचे एकूण दिवस लिहून घ्यावेत. फोडाफोडी खरं तर चार-सहा दिवसांत संपते. महिनाभर ड्रिल चालतं ते गवंडी, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एकामागून एक येऊन तीच भिंत तीनदा फोडतात म्हणून. भंगाचा दंड सर्वसाधारण सभेने उपविधींच्या चौकटीत आधी ठरवलेला हवा. समितीने मनाने लावलेला दंड वसूल होत नाही.

दंड नक्की किती? व्हॉट्सअॅपवर ‘पाच वर्षं कैद आणि एक लाख’ फिरतंय. — वाचक, गोरेगाव

ते जुनं झालं. नियमांचा भंग हा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 च्या कलम 15 खाली येतो. तिथे पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. 2023 च्या जनविश्वास कायद्याने कैद काढली. 1 एप्रिल 2024 पासून 10 हजार ते 15 लाख रुपयांची शास्ती आहे, आणि भंग चालूच राहिला तर रोजचे आणखी 10 हजार. ती लावतो न्यायनिर्णय अधिकारी, दारात आलेला हवालदार नव्हे. आकडा मोठा झाला आणि लावणारा लांब गेला, हे लक्षात घ्या.

रोजच्या व्यवहारात पुढची कलमं जास्त चालतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 292, सार्वजनिक उपद्रव : 1000 रुपयांपर्यंत दंड. हे अदखलपात्र आहे, म्हणून ठाण्यात ‘एनसी’ लिहिली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास पुढे सरकत नाही. मनाई आदेश मिळूनही उपद्रव चालू ठेवला तर कलम 293 : सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आधी आदेश मिळवला तर हातात दात असलेलं कलम येतं.

महाराष्ट्रात त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 38 आहे, त्रासदायक आवाज थांबवण्याच्या पोलिसांच्या अधिकाराचं. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 23 जानेवारी 2025 रोजी पोलिसांना पायऱ्याच आखून दिल्या : पहिल्यांदा समज, पुन्हा झालं तर दंड, तरीही चालू राहिलं तर ध्वनिवर्धक जप्त आणि परवाना रद्द करण्याची कारवाई. तुमच्या अर्जात ‘ही तिसरी तक्रार’ असं लिहून आधीच्या दोन पोचा जोडल्या तर पुढची पायरी मागता येते. पोचा नसतील तर प्रत्येक वेळी पहिलीच पायरी.

गाड्यांचं वेगळं. गरज नसताना किंवा मनाई असलेल्या जागी हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या 194एफ खाली पहिल्यांदा 1000, पुन्हा 2000.

घरासमोर रुग्णालय आहे. म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र ना? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

आपोआप नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केलेली जागाच शांतता क्षेत्र ठरते. पालिकेकडे यादी मागा. नाव नसेल तर निवासी भागाची मर्यादा धरून तक्रार करा. चुकीचं क्षेत्र लिहिलेला अर्ज त्या एका शब्दावर परत येतो.

किनाऱ्याजवळच्या क्लबचं संगीत उघड्या गच्चीवर मध्यरात्रीनंतरही चालतं. गोव्याचे नियम वेगळे आहेत का? — वाचक, बार्देश

नियम केंद्राचे, तेच. 10 नंतर उघडी गच्ची नाही. पर्यटनाचा परवाना, मद्याचा परवाना, बाराचा असो की तीनचा, तो ध्वनिवर्धकाची परवानगी होत नाही. ठाण्याच्या वाचकाला दिलेलं उत्तर जसंच्या तसं लागू.

तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माझं नाव कळलेलं असतं. नाव न देता तक्रार होते का? — नाव-गाव न छापण्याची विनंती

होते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवरील 2016 च्या निकालात आणि पुन्हा 2025 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे : तक्रारदाराची ओळख ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळू द्यायची नाही. 2025 च्या निकालात तर तक्रारदाराची ओळख विचारू वा तपासू नये, असंच म्हटलं आहे. नाव फुटतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, बीट मार्शल पत्ता विचारायला तुम्हाला फोन करतो, तुम्ही ‘या ना, मी खालीच उभा आहे’ म्हणता, आणि तो मांडवासमोर तुमच्याशीच बोलत उभा राहतो. फोनवरच सांगा : ‘माझ्याकडे येऊ नका, आवाजाच्या जागी जा.’ पत्ता स्वतःच्या घराचा नको, लॉनचा किंवा मांडवाचा द्या. दोन, क्लिप स्वतःच्याच बाल्कनीतून काढलेली असते आणि तुळशीची कुंडी सगळी गल्ली ओळखते. ती जिन्याच्या खिडकीतून काढा.